न कातरणारा अडकित्ता

आमच्या घराण्यात एक अडकित्ता आहे. तो सुपारी कातरत नाही, चेंगरतो. तरीही गेली निदान शंभर वर्षं तो अडकित्ता म्हणूनच नांदतो आहे. काही माणसं जशी आयुष्यभर हेडक्लार्क म्हणून नांदतात, तसाच.

हा अडकित्ता आमच्या मोठ्या मायजवळ असतो. मोठी माय म्हणजे माझी थोरली काकू. वय चौऱ्याऐंशी, मुक्काम शिरपूर तालुक्यातलं तापीकाठचं आमचं मूळ गाव. या अडकित्त्याच्या दोन्ही पात्यांना आतून एकेक वाटीसारखा खळगा आहे. पाती मिटली की दोन खळग्यांचा मिळून एक गोल तयार होतो. एवढी सोय आयती असताना ती वाया घालवील तर ती मोठी माय कसली! सैंधव, ओवा, हिंग आणि आल्याचा रस यांचं मिश्रण ती त्या खळग्यात दाबते आणि पाचकाच्या एकसारख्या गोळ्या पाडते. लहानपणी सुट्टीत भरीत-भाकरीवर आडवा हात मारल्यावर मी या गोळ्या मूठमूठ खाल्ल्या आहेत. पोट साफ आणि मन प्रसन्न.

गेल्या उन्हाळ्यात गावचं धाब्याचं घर उतरवून स्लॅब टाकायचं ठरलं. सामान आवरताना अडकित्ता माझ्या हातात आला आणि मी जळगावला परतताना तो पिशवीत टाकला. हेतू शुद्ध होता. धार लावून आणावी, म्हातारीला एकदा तरी नीट कातरलेली सुपारी मिळावी. मोठी माय म्हणाली, "त्याले धार लागत नही भाऊ. तुना आजानं बी लाईसन देखी." म्हणजे माझ्या आजोबांनीही तो प्रयोग करून पाहिला होता. पण बी.कॉम. झालेल्या माणसाचा आधीच्या पिढ्यांच्या प्रयोगांवर विश्वास नसतो.

दुसऱ्या दिवशी बँकेत डबा खाताना मी तो टेबलावर ठेवला. आमच्या शाखेचे गार्ड सैन्यातून निवृत्त झालेले आहेत. आम्ही सगळे त्यांना फौजीकाका म्हणतो. ते ताक पिता पिता थांबले. अडकित्ता हातात घेऊन त्यांनी दोनदा उघडला, मिटला, उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "साहेब, हा अडकित्ता नाही. हा बंदुकीच्या गोळीचा साचा आहे."

कॅशियरने आपला डबा दोन हात लांब सरकवला.

"हे वरचं भोक दिसतं ना? इथून वितळलेलं शिसं ओतायचं. आत गोळी तयार. वर शेपूट राहतं, ते या बाजूच्या धारेनं कापायचं."

माझ्या पोटात गोळा आला. बंदुकीमुळे नव्हे, शिशामुळे. शिसं हे अंगात साठत जाणारं विष आहे आणि मेंदूला ते चांगलं नसतं, हे आता शाळेतली पोरंही सांगतात. ज्या साच्यात पिढ्यान्‌पिढ्या शिसं ओतलं त्याच साच्यातलं पाचक आमचं सगळं घराणं खात आलेलं! आमच्या काही नातेवाइकांच्या वागण्याचा मला एकदम उलगडा झाला.

फौजीकाकांच्या खांद्यावर जी बंदूक असते ती बारा बोअरची. ही गोष्ट मी वीस वर्षं ऐकत आलो होतो. बारा म्हणजे काय, हे विचारायचं कधी सुचलं नव्हतं. बँकेत अशा गोष्टी विचारत नाहीत. एखादा फॉर्म तीन प्रतींत का, हेही विचारत नाहीत. त्या दिवशी विचारलं. तर उत्तर असं : एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोल गोळ्या पाडल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची. सोळा पाडल्या तर सोळा बोअर. म्हणजे आकडा जितका मोठा तितकी नळी बारीक. आज फौजीकाकांच्या काडतुसात सहसा छर्रे असतात, सबंध गोळी नसते. पण नाव मात्र त्या जुन्या गोळीचंच चालू आहे. सॅम्युअल बेकर नावाचा एक इंग्रज शिकारी होता. त्याच्या एका बंदुकीला अर्ध्या पौंडाचा स्फोटक गोळा लागे. तिला तो लाडाने 'बेबी' म्हणायचा. पौंडाला दोनच गोळ्या! आमच्या सराफ बाजाराच्या भाषेत सांगायचं तर एकेक गोळी साडेएकोणीस तोळ्यांची. एवढ्या सोन्यात जळगावात दोन लग्नं होतात.

इथपर्यंत सगळं मजेत चाललं होतं. पण संध्याकाळी मी हा शोध धुळ्याच्या नानांना फोनवर सांगितला आणि मजा संपली.

नाना माझे चुलत चुलते. निवृत्तीनंतर त्यांनी आमच्या घराण्याचा कुळवृत्तांत छापायला घेतला आहे. त्यात आमचे खापरपणजोबा हे मुख्य आकर्षण. (खापरपणजोबा १८५७ च्या काळातले. एवढ्या थोड्या पिढ्यांत मी त्यांच्यापर्यंत कसा पोहोचतो, असं कुणी विचारील. आमची शाखा शेंडेफळांची. आमच्याकडे पिढ्या पॅसेंजर गाडीसारख्या थांबत थांबत येतात.) खापरपणजोबांकडे बंदूक होती, एवढ्यावर घराण्याचं एकमत आहे. त्या बंदुकीने त्यांनी काय केलं, यावर तीन शाखांची तीन मतं आहेत. आम्ही जळगावकर म्हणतो, त्यांनी सातपुड्यात ढाण्या वाघ मारला. पुण्याला गेलेले म्हणतात, ते कंपनी सरकारच्या पायदळात सुभेदार होते. आणि नाना म्हणतात, ते आंबापाणीच्या लढाईत खाज्या नाईकाच्या बाजूने लढले.

"साचा सापडला म्हणजे पुरावाच सापडला!" नाना फोनवर ओरडले. "फोटो काढ. पहिल्या पानावर टाकतो. खाली लिहू, 'आंबापाणीच्या रणात याच साच्यातल्या गोळ्या गर्जल्या.'"

"पण नाना, खात्री..."

"तू बँकेत आहेस. खात्री करणं तुझं काम. आठ दिवसांत कर आणि फोटो पाठव."

नानांची खात्री करण्याची पद्धत बहुधा कर्जदारांकडून शिकलेली असावी. रक्कम आधी, कागदपत्रं मागाहून. पण एक मान्य केलं पाहिजे : मलाही ते खरं असावं असं वाटत होतं. घरी स्वयंपाकघरात मी दोनदा सहज म्हणून गेलो, "आमचे खापरपणजोबा आंबापाणीला होते, माहीत आहे?" बायको म्हणाली, "गॅस संपलाय, माहीत आहे?"

मग मी कामाला लागलो. आधी वाघाचं पाहू म्हटलं. खानदेशात ज्याच्या घराण्यात वाघ मारलेला नाही असा माणूस मिळणं कठीण. आणि वाघ होतेही तसेच. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा कंपनीचा अधिकारी वाघाच्या शिकारीला निघाला आणि त्याला अजिंठ्याची लेणी दिसली. वाघ राहिला बाजूला. साहेबाने दहाव्या लेण्यात आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली. सहलीला जाऊन भिंतीवर नाव लिहिण्याची परंपरा आपलीच आहे असा आपला गैरसमज असतो. पुढे १८२५ मध्ये जेम्स आउट्रम भिल्ल पलटण उभारायला खानदेशात आला. पलटणीचं ठाणं आपल्या धरणगावला. १८२५ ते १८३४ या दहा वर्षांत १९१ वाघ मेले तेव्हा हा गृहस्थ तिथे जातीने हजर होता, असा हिशेब त्याच्या चरित्रात दिला आहे. शिवाय पंधरा बिबटे, पंचवीस अस्वलं आणि बारा रानरेडे. माझी बँकेतली हजेरीसुद्धा इतकी चोख नाही. खापरपणजोबांच्या वाट्याला या साहेबाने एखादा वाघ शिल्लक ठेवला असेल का, अशी मला शंका यायला लागली.

आता आंबापाणी. खाज्या नाईक हा सेंधव्याच्या घाटात आग्रा रस्त्याची राखण करणारा, म्हणजे सरकारी चाकरीतला माणूस. त्याच्या हातून एक खून झाला म्हणून तुरुंगात गेला, सुटला, पुन्हा चाकरीवर घेतला गेला आणि १८५७ च्या धामधुमीत उलटला. इंदूरकडून मुंबईकडे निघालेला सात लाखांचा सरकारी खजिना त्याच्या लोकांनी लुटला. (हे वाचताना माझ्यातला बँकवाला दचकला, हे कबूल करतो. रेमिटन्स लुटली जाणं ही आमच्याकडे फार वाईट गोष्ट समजतात.) ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात आंबापाणीला मेजर इव्हान्सच्या फौजेने भिल्लांना गाठलं. खडकांच्या आडून, तोड्याच्या बंदुका आणि तीरकामठे घेऊन भिल्ल झुंजले. पकडलेल्यांपैकी अनेकांना गोळ्या घालण्यात आल्या, बायकापोरांना कैद झाली. खाज्या नाईक त्यातून निसटला, पण १८६० साली दगाफटक्याने मारला गेला.

आता प्रश्न असा की या तिन्हींपैकी आमचा साचा कुठे बसतो? आणि इथे मला कळलं की साचा ही काय चीज आहे. आज आपण बंदूक म्हणताना काडतूस गृहीत धरतो. जसं पेन म्हटलं की रिफिल दुकानात मिळणारच. ठासणीच्या बंदुकीचं तसं नव्हतं. गावठी लोहाराने घडवलेल्या दोन नळ्या कधी सारख्या निघत नसत. म्हणून बंदुकीबरोबर तिच्याच मापाचा साचा घ्यायचा. विलायती शिकारी बंदुकांच्या मखमली पेटीतही नळीशेजारी साच्याचा खण असे. साचा हरवला की बंदूक म्हणजे महागडी काठी.

तेव्हा साचा निवडणं म्हणजे कुणावर गोळी झाडायची हे आधी ठरवणं. शिशाचं गणित वाणिज्य शाखेला न शिकवलेलं, पण चक्रवाढ व्याजाहून भयंकर आहे. गोळीची जाडी दुप्पट केली की वजन आठपट होतं. हरणाला जी गोळी पुरे ती रानरेड्याला चिडवायला उपयोगी. सातपुड्याच्या पलीकडे मध्य भारतात शिकार केलेला कॅप्टन फॉर्सिथ याने १८६३ साली एक सबंध पुस्तक याच विषयावर लिहिलं. नव्या फॅशनच्या टोकदार गोळीऐवजी मोठ्या नळीची, जड, गोल गोळी आणि भरपूर दारू घ्यावी, असा त्याचा आग्रह होता. मोठ्या जनावरासाठी शिशात थोडं कथील मिसळत, म्हणजे गोळी कडक होते आणि हाडावर चपटी होत नाही. माणसं मारायला मात्र मऊ शुद्ध शिसंच वापरत. १८५७ ची ती प्रसिद्ध एन्फील्ड रायफल मऊ शिशाची लांबट, बुडाशी पोकळ गोळी घेई. वजन चौतीस ग्रॅम, म्हणजे जवळजवळ तीन तोळे. बार होताच तिचं बूड फुगून नळीच्या आट्यांत घट्ट बसे. त्या काडतुसाच्या चरबीवरून काय रामायण झालं ते सर्वांना ठाऊक आहे.

बाकी गोळी पाडण्याचं काम घरच्या चुलीवरचंच. शिसं ३२७ अंशांना वितळतं, चुलीच्या निखाऱ्यांवर लोखंडी पळीतसुद्धा. वरची मळी काढायची, साचा गरम करायचा, ओतायचं. साचा गार असेल तर पहिल्या दोनचार गोळ्या सुरकुतलेल्या निघतात. पहिलं धिरडं तव्यालाच, हा नियम दारूगोळ्यालाही लागू आहे. आणि साच्यात पाण्याचा थेंब राहिला तर त्याची वाफ होऊन तापलेलं शिसं तोंडावर उडतं. बंदूक शत्रूपर्यंत पोहोचण्याआधी मालकाचा डोळा घ्यायची, ती अशी.

हा प्रयोग मी घरी करणार नव्हतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही आणि पेन्शनला अजून अवकाश आहे. म्हणून मी साच्यात मेणबत्तीचं मेण ओतलं. पहिली गोळी सुरकुतली. दुसरी झकास निघाली. ती घेऊन एमआयडीसीत एका लेथवाल्याकडे गेलो. त्याने व्हर्निअर लावला आणि सांगितलं, "पंधरा एमएम. काय पाहिजे, बेअरिंगची गोळी का?"

रात्री कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. पंधरा मिलिमीटरची शिशाची गोळी भरते वीस ग्रॅम. सराफी मापात पावणेदोन तोळ्यांना जरा कमी. पौंडाला साधारण साडेबावीस. बारा बोअरची गोळी साडेअठरा मिलिमीटरची आणि सदतीस-अडतीस ग्रॅमची असते. कंपनीच्या पायदळाची जुनी ब्राऊन बेस बंदूक साडेसतरा मिलिमीटरची, सुमारे बत्तीस ग्रॅमची गोळी घेई.

म्हणजे पुण्याची शाखा पहिल्याच फटक्यात बाद. आमची गोळी कंपनीच्या नळीत टाकली तर खुळखुळ्यासारखी वाजेल. शिवाय पलटणीतल्या शिपायाला सरकार तयार काडतुसं देई. त्याच्या घरी पाचक करण्यालायक साचा कशाला असेल? गोळी गोल, तेव्हा एन्फील्डही गेली. वाघाचं प्रकरण अगदीच अशक्य नव्हतं, पण साहेबलोक वाघासमोर जी गोळी नेत, तिच्या निम्म्या वजनाची आमची. त्या गोळीने वाघ मारायचा तर वाघानेही थोडं सहकार्य करायला हवं.

उरली आंबापाणी. गोल गोळी, गावठी साचा, लहान नळी. सगळं जुळत होतं! खरं सांगतो, त्या रात्री मला झोप लागली नाही.

रविवारी धुळ्याला गेलो. जाताना मोठ्या मायकडून एक पत्र्याची डबी आणली होती. साच्याबरोबर ती पिढ्यान्‌पिढ्या एकाच कोनाड्यात होती. डबीत घडी पडलेला एक कागद, अर्धा छापील, अर्धा मोडीत. धुळं हे इतिहासाचार्य राजवाड्यांनी अखेरचा श्वास घेतला ते गाव. तिथे मोडी वाचणारा माणूस अजून मिळतो. एका वृद्ध गृहस्थांनी भिंग लावून कागद वाचला. नाना शेजारी पेढे घेऊन बसले होते.

"हा परवाना आहे," ते म्हणाले. "ठासणीची बंदूक एक नग. कारण : शेताची राखण, रानडुकरांपासून. साल अठराशे ऐंशी आणि काहीतरी. शेवटचा आकडा कसरीने खाल्लाय."

नानांनी पेढ्यांचा पुडा मिटला. मग पुन्हा उघडला. "पण हे नंतरचं! त्याआधी ते आंबापाणीला नसतील कशावरून?"

मी काहीच बोललो नाही, कारण मला तेव्हा नेमकं उलटंच दिसलं होतं. १८५७ नंतर सरकारने लोकांची हत्यारं काढून घ्यायला सुरुवात केली आणि १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय हत्यार बाळगणं गुन्हा ठरवला. त्यानंतरही ज्याच्या घरात बंदूक राहिली, तिच्यावर सरकारी शिक्का बसला, तो माणूस सरकारच्या यादीत कुठल्या बाजूला असेल? आंबापाणीला ज्यांनी गोळ्या झाडल्या, त्यांच्या घरी बंदूक राहिली नसणार. अनेकांच्या घरी माणूसही राहिला नाही. त्यांचे साचे कुणाच्या कोनाड्यात नाहीत, त्यांचा कुळवृत्तांत कुणी छापत नाही. आमची बंदूक राहिली, साचा राहिला, परवाना राहिला, आम्ही राहिलो. हाच पुरावा होता, आणि तो आमच्याविरुद्ध होता.

परतीच्या एसटीत पारोळा येईपर्यंत मी गप्प होतो. बँकेत आम्ही एक गोष्ट शिकतो : व्हाउचर नसेल तर एन्ट्री नाही. आणि दुसऱ्याच्या खात्यावर आपण चेक काढायचा नाही, मग तो खातेदार हयात असो नसो. आंबापाणीचं खातं आमचं नव्हतं. त्यात ज्यांनी भरणा केला त्यांनी घरच्या चुलीवर गोळ्या पाडून भरला होता, आणि त्याची पावती कुणी त्यांना दिली नाही. त्यावर आपली सही ठोकायची म्हणजे अफरातफर. खात्याची तपासणी दीडशे वर्षांत झाली नाही म्हणून काय झालं?

मी नानांना लेखी कळवलं. कुळवृत्तांतात असं छापावं : "यांच्याजवळ परवान्याची ठासणीची बंदूक होती. रानडुकरांपासून पिकाची राखण करीत." नानांनी आठ दिवस फोन उचलला नाही. नवव्या दिवशी उचलला आणि म्हणाले, "निदान 'असंख्य रानडुकरं' असं लिहू का?" मी म्हटलं, लिहा. एवढं ओव्हरड्राफ्ट चालेल.

साचा परत द्यायला गावी गेलो. मोठ्या मायला सगळं समजावून सांगितलं. शिशाचं विष, पाचक बंद, खळगा घासून साच्याला काचेच्या कपाटात ठेवायचं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "मी चौऱ्याऐंशी वरीसनी शे. आते काय इष चढी मले?" पण साचा ठेवून दिला.

मग मी जरा चाचरतच सांगितलं, की मोठी माय, वाघ नव्हता, लढाईही नव्हती. नुसती डुकरं होती.

स्लॅबचं काम चालू होतं. बाहेर अंगणात बाज टाकून ती बसली होती आणि पलीकडे नदीपर्यंत आमची शेतं दिसत होती. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की बँकेत नोकरी करणाऱ्याला शेतातलं काय कळतं.

"नुसती डुकरं?" ती म्हणाली. "रातभर जागनं पडस भाऊ."